असली लोकर

“काडीपेटी आणा,” बाबारावजी म्हणाले, आणि नंदनवन वस्तीतल्या त्या मांडवात बुंदी वाढणारे हात जागच्या जागी थांबले.

प्रेमिलाचं साक्षगंध होतं. अंगठ्या अजून डबीतच होत्या. बाबारावजी हे नवऱ्या मुलाचे, चंद्रभानचे, वडील. हुंडा नको, घड्याळ नको, सायकल नको, त्यांची अट एकच होती. व्याह्याला द्यायची शाल अस्सल लोकरीची हवी. ऐकायला ही अट किती गरीब वाटते! पण याच माणसाने मागच्या हिवाळ्यात काटोलला लाडवांत वनस्पती तूप निघालं म्हणून चंद्रभानचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि पोराला भरल्या पंगतीतून उठवून एसटीत बसवलं होतं.

प्रेमिलाचे वडील रुपरावजी यांच्या तोंडचं पाणी पळालं. शाल त्यांनी सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतली होती. चांगली दुकानं सोडून फुटपाथवर थांबले, कारण तिथल्या विक्रेत्याने त्यांना शेठजी म्हणून हाक मारली. त्यांना आयुष्यात कोणी शेठजी म्हटलं नव्हतं. “असली ऊन है शेठजी,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “जिस भेड़ की है, वो बेचारी अभी तक काँप रही है.” रुपरावजींना त्या मेंढीची इतकी दया आली की भाव करायचंही सुचलं नाही. घरी त्यांच्या बायकोने, सिंधूताईंनी, शाल झटकली, तर तिच्यातून चटचट आवाज निघाला. मेंढीतून असा आवाज निघत नाही, एवढं नवराबायको दोघांनाही कळत होतं. मुंडलं गेलं होतं ते मेंढरू नव्हे, रुपरावजी. ते शाल बदलायला धावत गेले, तर त्या जागी दुसराच कोणी चपला विकत बसला होता.

“इवाईबुवा, आधी चहा तं घ्या,” ते आता व्याह्यांना केविलवाण्या आवाजात म्हणाले.

“चहानं नाक बिघडते,” बाबारावजी म्हणाले. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं त्यांनी समजावून सांगितलं, “असली लोकर जाळली का केस जळल्यावानी वास येते. नकली असली का त्याची गोळी होते अन् प्लास्टिकचा वास येते. नकली निघाली तं आम्ही हे चाललो.”

त्यांनी शालीच्या काठाचा एक धागा ओढून काढला. वास कुठे निसटू नये म्हणून तो अगदी नाकाखाली धरला. चंद्रभानला काडी ओढायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले, कारण डोळे मिटले की नाक तेज होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

चंद्रभान हा बापासमोर कधी मान वर न करणारा मुलगा. त्याने निमूटपणे काडी ओढली आणि धाग्याला लावली. धागा आखडला. त्याच्या टोकाला काळी गोळी धरू लागली. रुपरावजींनी ती पाहिली आणि मांडवाचा खांब धरला. पाटावर बसलेल्या प्रेमिलानेही ती पाहिली, आणि तिला रडू यायला लागलं. तेवढ्यात चंद्रभानचा हात हलला. चर्र झालं, धुराची बारीकशी रेघ वर गेली आणि मांडवभर केस जळल्याचा वास पसरला.

“असली!” बाबारावजी ओरडले आणि त्यांनी डोळे उघडले. “एकदम असली लोकर! अन् ऊब तं पाहा. अजून अंगावर नाही घेतली तं मले गरम लागून राहिली!”

त्यांच्या मिशीची डावी बाजू गेली होती. उजवी शाबूत होती. सगळ्या मांडवाला ते दिसत होतं, एकट्या मालकाला तेवढं दिसत नव्हतं. त्यांची बायको मनकर्णाबाई हिने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले. बाबारावजींना वाटलं, बाई आनंदाने रडते आहे. रुपरावजी मात्र खरंच रडत होते. त्यांनी घाईघाईने शाल व्याह्याच्या खांद्यावर घातली. ती चटचटली, पण वाजंत्री सुरू झाली होती.

प्रेमिला आणि चंद्रभान अंगठ्या घालायला समोरासमोर बसले. तिने मान खाली घालूनच हळू आवाजात म्हटलं, “बरं झालं, तुमचा हात थरथरला.”

“थरथरला नाही वं,” तिच्या बोटात अंगठी सरकवत चंद्रभान म्हणाला. “मिशी काय, येऊन जाईन वापस. तू थोडीच आली असती!”