आईचा किमोनो

सौदीतल्या अल-खोबरहून कौमुदी लेकीला घेऊन उन्हाळी सुट्टीत जपानला निघाली, तेव्हा शेजारच्या हारुकोने आपल्या आईचा सुती किमोनो तिच्या हाती दिला. “आई आता अंथरुणाला खिळलीय. क्योटोतल्या तिच्या आवडत्या पुरातन देवळात हा घालून जा, फोटो तिला दाखवू.” देवळापाशी मात्र कौमुदीला त्याचा निळा रंग विटका वाटला. तिने भाड्याचा गुलाबी किमोनो घालून फोटो काढले. खोबरला परतल्यावर काय सांगावं हे ठरायच्या आतच लेकीने हारुकोला फोटो दाखवला. हारुकोने आईला व्हिडिओ कॉल लावून तोच फोटो समोर धरला. म्हातारी हसली, डोळे पुसत काहीतरी बोलली. “काय म्हणाल्या?” कौमुदीने विचारलं. “माझा किमोनो हिला शोभून दिसतो म्हणते,” हारुको म्हणाली. “तिला रंग ओळखू येत नाहीत. मी हो म्हटलं.” कौमुदीला तिच्याकडे बघवेना.