मागच्या चाकातली हवा

मागचं चाक अजून डुगत होतं. मुज्तबानं ते परत काढलं, एक स्पोक सैल केला, शेजारचा आवळला आणि फिरवून बघितलं.

"बस की आता," बजरंग म्हणाला. त्याची चहाची गाडी मुज्तबाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागूनच. दिवाळीनंतर त्यानं ती इथं आणून लावली होती. "कॉलेजलाच जायचंय तिला. लातूरची रेस थोडीच मारायचीय."

"ह्याच सायकलीवर अब्बांनी मारलीय," स्टुलावर बसलेली सबिहा म्हणाली. "नांदेड ते लातूर. तिसरे आले व्हते."

वाकड्या हँडलची जुनी रेसर. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली, गंज खाल्लेली. मुज्तबानं फ्रेम घासून निळा रंग दिला होता. हँडलला नवी पट्टी गुंडाळली होती. तसले पातळ टायर नांदेडात मिळेनात, तर हैदराबादहून मागवले होते. सीट किती खाली घ्यायची हे त्यानं विचारलं नाही. लांबूनच एकदा तिच्याकडं बघितलं आणि पाना फिरवला.

"दांड्याची सायकल, जमतीय का पण?" बजरंगनं विचारलं.

"अब्बांनीच शिकवली. आता फायनल इयरला रिक्षात कोंबून जायचा कंटाळा आला."

"फायनल म्हणजे लग्नाचं बघत असतील घरचे."

"निकाह झालाय. मागच्या ईदनंतर, धर्माबादला, मामाकडं."

"मग सासर?"

"परीक्षा झाल्यावर रुखसती. तेव्हा जायचं. तोपर्यंत मी माहेरीच."

"नवरा कसा हाय?"

सबिहानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "अजून नीट बोलायला कुठं मिळालंय."

मुज्तबाच्या हातातून हबमधले छर्रे सांडले. तो खाली बसून एकेक वेचायला लागला. किती वेळ वेचतच होता. बजरंगनं ते बघितलं. त्याला एकदम कळलं, आणि वाईट वाटलं.

सायकल तयार झाली. सबिहा बसली, पुलाकडं उतरणाऱ्या रस्त्यानं निघून गेली. मुज्तबा हात पुसत उभाच राहिला. हात कधीच पुसून झाले होते.

दोन दिवसांनी ती परत आली. मागच्या चाकात हवा नाही. मग ब्रेकची वायर सुटली. मग चेन. मग परत हवा. मुज्तबा काही न बोलता दुरुस्त करायचा. ती काही न बोलता स्टुलावर बसायची.

"सायकल हाय का म्हातारी सासू?" बजरंग म्हणायचा. "रोज नवं दुखणं."

एके सकाळी बजरंग दूध घेऊन येत होता. कोपऱ्यावर औषधाच्या दुकानामागं सबिहा दिसली. खाली वाकली होती. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल केला, फुस्स करून सगळी हवा सोडली, ओढणी नीट केली आणि सायकल ढकलत मुज्तबाच्या दुकानाकडं निघाली.

त्या दिवशी ती गेल्यावर बजरंगनं मुज्तबाला गाडीमागं बोलावलं.

"गड्या, लग्न झालेली पोरगी हाय ती."

"हवा भरून दिली फक्त."

"हवा जात न्हाई, ती स्वतः सोडून राहिली. डोळ्यानं बघितलंय मी."

मुज्तबाचे कान लाल झाले. "तिनं सोडली? खरंच?"

"हसतो काय? तिचा बाप करीमभाई, लई कडक माणूस म्हणतात. त्याला कळलं तर कॉलेज बंद. परीक्षा बी न्हाई आणि काही न्हाई, दुसऱ्या दिवशी उचलून सासरी. तुझ्यापायी पोरीचं वर्ष जाईल."

मुज्तबाचं हसू गेलं. तो पाना नुसता हातात फिरवत राहिला.

"खरंय तुझं," तो म्हणाला. "तिचं कॉलेज सुटायला नको."

पुढच्या वेळी सबिहा आली तेव्हा त्यानं हवा भरली, व्हॉल्व्ह घट्ट आवळला, चेनला तेल दिलं, दोन्ही ब्रेक दाबून बघितले. मग पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघून बोलला.

"आता परीक्षेपर्यंत काही होणार न्हाई हिला."

"काहीच न्हाई?"

"न्हाई. अभ्यास करा."

सबिहानं हँडल धरलं. मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. गेली.

मग ती आलीच नाही. मुज्तबा काम करायचा, पण पुलाकडून सायकलची घंटी वाजली की मान वर व्हायची. बजरंगला आपण बरोबरच केलं असं वाटायचं. तरी त्या दिवसांत तो मुज्तबाच्या चहात साखर जरा जास्त टाकायचा.

एका दुपारी निळी सायकल आली. सोबत सबिहा नव्हती. पांढऱ्या दाढीचा, ताठ पाठीचा माणूस ती ढकलत आणत होता.

मुज्तबा ताडकन उभा राहिला. "सलाम," म्हणाला आणि मान खाली घातली. बजरंगनं गॅस बारीक केला. करीमभाई, दुसरं कोण असणार.

करीमभाईंनी सायकल स्टँडवर लावली. मागचं चाक बोटानं फिरवलं. जराही डुगलं नाही.

"आधी ही रोज बिघडायची," ते म्हणाले. "आता बिघडंना झालीय. पोरगी घरात तोंड पाडून बसून राहिली. पुस्तक उघडं, नजर भिंतीवर. काय झालं इथं?"

बजरंगला राहवलं नाही. तो मधे येऊन उभा राहिला.

"चाचा, पोरीला काही बोलू नका. कॉलेज बंद करू नका तिचं. मी रोज इथंच असतो. ती यायची, स्टुलावर बसायची, हा खाली मान घालून काम करायचा. कसम घेऊन सांगतो, दोघं एकमेकांशी बोलत सुद्धा नव्हते."

"बोलत सुद्धा नव्हते?"

"न्हाई. ह्यानं कधी पाणी सुद्धा विचारलं न्हाई तिला."

करीमभाईंनी एक लांब श्वास सोडला. सबिहाच्या स्टुलावर बसले. खाली मान घातलेल्या मुज्तबाकडं बघत राहिले.

"रुखसतीपर्यंत भेटायचं न्हाई, ही अट माझीच," ते म्हणाले. "पण बायको दुकानापर्यंत आलीच, तर निदान चहा तरी पाजायचा, जावईबापू."