घंटाघरावरून दिसलेलं कुलूप

लेकीच्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सरबराईत काही कमी पडलं तर लेकीला जन्मभर ऐकावं लागणार, म्हणून सगळ्यांनी जुन्या घंटाघरावर जाऊन त्यांना अख्खं शहर दाखवायचं ठरवलं. घंटाघर इतकं उंच, की कावळेसुद्धा वाटेत दोनदा बसून दम खातात. लेक-जावयाची टॅक्सी पुढे गेली, मागच्या टॅक्सीने आम्ही दोघं पोचलो आणि जिना चढायला लागलो.

चाळिसाव्या पायरीवर ही म्हणाली, “अहो, कुलूप लावलंत ना?”

“लावलं गं बाई.”

नव्वदाव्या पायरीवर, “ओढून बघितलंत?”

तीनशेव्या पायरीपर्यंत माझीच खात्री पार डळमळली होती. वर पोचल्यावर हिने शहराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धावत जाऊन कठड्यावरची मोठी दुर्बीण धरली आणि थेट आमच्या दारावर रोखली.

“लावलंय हो! चांगलं घट्ट लावलंय!” ही टाळ्या पिटत ओरडली. मीही आनंदाने एक गिरकी घेतली.

तेवढ्यात लेक आमच्याकडे आली. “आई, सासूबाई कुठायत? तुमच्या टॅक्सीत होत्या ना?”

हिने दुर्बीण दारावरून जराशी वर सरकवली.



खिडकीत विहीणबाई नटूनथटून, पर्स खांद्याला अडकवून, उशीचा अभ्रा जोरजोरात हलवत होत्या, आणि ही मला कोपराने ढोसून म्हणाली, “बघत काय बसलात, तुम्हीही रुमाल हलवा, नाहीतर बरं दिसेल का ते!”