आधी सूनबाईचं

“आधी तिचं काढ, मग माझं,” असं म्हणून सासूबाईंनी हात पांघरुणात ओढून घेतला.

सिस्टरने हातातल्या सुईकडे पाहिलं, मग जंतूबाईंकडे. जंतूबाई म्हणजे सासूबाईंची सून, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची प्रमुख. रक्तात शिरलेले कोणते जंतू कोणत्या औषधाला दाद देईनासे झालेत, याचा माग काढणं हे तिचं काम. बाकीचे हे टोपणनाव तिच्या पाठीमागे घेत. सासूबाई तोंडावर घेत. घेणारच! गेली कित्येक वर्षं स्वतःच्याच स्वयंपाकघरात भांड्याला हात लावायची खोटी, की मागून प्रश्न यायचा, “आई, हात धुतले का?”

“आई, हट्ट करू नका. तुमच्या रक्तात जंतू सापडलाय. होती नव्हती ती सगळी औषधं लावून पाहिली, एकालाही भीक घालत नाही तो.”

“मग मी पत्ते कशी पिसतेय?”

सासूबाई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या, तेही पोटच्या मुलाच्या वॉर्डात. एका संध्याकाळी अंग जरासं कोमट लागलं. कोमट लागलं की रक्त तपासायचं, मग तो राजा असो वा सासू, हा नियम सुनेचाच. सकाळी अंग गार झालं, पण रक्ताने प्रयोगशाळेत दंगा केला. काचेच्या ताटलीत जंतू वाढवून वर औषधाच्या टिकल्या ठेवतात. औषध चाललं तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. इथे एकाही टिकलीभोवती रिंगण नव्हतं. जंतू प्रत्येकीला खेटून ऐसपैस बसले होते.

याच वॉर्डातली ही चौथी केस. जंतूबाईंनी वॉर्ड पिंजून काढला होता. नळ, गाद्या, स्टेथोस्कोप, सगळं तपासलं. मुख्य सर्जनची अंगठीसुद्धा उतरवून घेतली. सर्जन म्हणजे तिचा नवरा. अंगठी निर्मळ निघाली, पण तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं मिठापुरतं उरलं होतं. वॉर्डाच्या दारावर लावायची ‘प्रवेश बंद’ची पाटी तिने तयारच ठेवली होती.

एक शेवटचं जालीम औषध शिल्लक होतं. ते जंतूला मारायचं आणि मूत्रपिंडांनाही सोडायचं नाही. सासूबाईंची मूत्रपिंडं आधीच रडतखडत चाललेली. औषध द्यावं तर ती जाणार, न द्यावं तर बाईच जाणार. या बाईशी आपण ओल्या पंच्यावरून आणि भाजीतल्या मिठावरून जन्मभर भांडलो, आणि तरी ही आपल्याला हवी आहे, हे सुनेला काल अचानक कळलं होतं. त्याचा तिला रागही आला होता.

रक्त पुन्हा तपासा, जंतू पुन्हा निघाला तरच औषध घेईन, अशी सासूबाईंची अट होती. त्यात आता ही नवी.

सुनेने बाही वर केली. सिस्टरने कॉटजवळच्या तपकिरी बाटलीतल्या जंतुनाशकात बोळा बुडवला, कातडी पुसली, सुई खुपसली.

“जरा दमानं,” सासूबाई म्हणाल्या, पण चेहरा खुलला होता. “आणि ते टाकून नका देऊ हं. माझ्या रक्ताबरोबर तपासायला पाठवा. नाहीतर नुसतं नाटक!”

दोन्ही नमुने गेले. ताटल्या तयार झाल्या, त्या सकाळी जंतूबाई त्या हातात घेऊन उभी राहिली. सासूच्या ताटलीत एकही रिंगण नाही. सुनेच्याही नाही. तोच हिरवट रंग, तोच बेमुर्वतखोर जंतू.

तिने आधी कपाळाला हात लावून पाहिला. गार. हा जंतू खरंच रक्तात असता तर ती आडवी झाली असती, आणि ती तर जिना धावत चढून आली होती. म्हणजे तो आपल्या रक्तात नाही. सासूबाईंच्याही नाही. मग दोघींना शिवलं काय? पाणी कुठे मुरतंय ते कळलं आणि ती तशीच वॉर्डात गेली.

“सिस्टर, ही बाटली शेवटची कधी धुतली?”

“धुवायची?” सिस्टर गोंधळली. “मॅडम, बाटली कधी रिकामी दिसता कामा नये, असं तुम्हीच बजावलंय. आम्ही वरून भरत राहतो. ती रिकामीच होत नाही, तर धुणार कधी?”

जंतूबाईंनी बाटली उचलून ताब्यात घेतली. जिथे जंतू मरायचे, तिथेच तळाशी हे जंतू पिढ्यान्‌पिढ्या मुरत पडले होते, आणि दर वेळी बोळ्यावर बसून सुईबरोबर नमुन्यात उतरत होते. दुसऱ्या दिवशी बाटलीतल्या थेंबाने ताटलीवर कबुलीजबाबच दिला. आधीच्या तिघांना ते जालीम औषध उगाच चालू होतं. ते तिने तत्काळ थांबवलं आणि प्रत्येकाच्या खाटेशी जाऊन माफी मागितली. तिघांचीही मूत्रपिंडं शाबूत होती, हे नशीब.

शेवटी ती सासूबाईंकडे आली. नवरा तिथेच होता.

“आई, तुमच्या रक्तात काही नाही. औषध नको.”

“सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. आणि चोर?”

“बाटलीत होता. माझ्याच हुकमाने पोसलेला.”

नवऱ्याने हसू आवरत ‘प्रवेश बंद’ची पाटी तिच्या हातात दिली. ती घेऊन ती आपल्याच प्रयोगशाळेच्या दाराकडे निघाली. जाताना सवयीने तिने सासूबाईंचं पांघरूण नीट करायला हात पुढे केला.

सासूबाईंनी पत्त्यांतून मान वर केली.

“सूनबाई, हात धुतले का?”