दाराबाहेरचे बूट

"बाबा, बूट नका हो काढू! आत फरशी बर्फासारखी गार आहे," रेवती म्हणाली. पण अच्युतबुवांनी चर्चच्या दारातच बूट-मोजे काढून ठेवले होते. "देव कुणाचाही असू दे, उंबरा तो उंबराच."

आयर्लंडच्या समुद्रकाठी, वाऱ्याच्या माळावर, पालथ्या होडीसारखं ते जुनं दगडी चर्च उभं होतं. आत आठ-दहा प्रवासी जमले होते. नोरा नावाची वयस्क गाईड म्हणाली, "इथे साधू गायचे. कुणाला गाऊन बघायचंय?"

रेवतीने हळूच वडिलांकडे पाहिलं. साथीला टाळ धरणारी तिची आई गेल्यापासून बुवांनी कीर्तन सोडलं होतं.

बुवांनी डोळे मिटले. विठ्ठलाचं नाव घेतलं, आणि भिंतींनी ते तसंच परत दिलं, जणू रेवतीची आईच मागे उभी राहून साथ करत होती. सूर चढत गेला. डोळे उघडले, तर आत फक्त रेवती.

"गेले सगळे," बुवा खजील होऊन म्हणाले. "उगाच गायलो मी."

"अहो बाबा, बाहेर तरी बघा!"

दाराबाहेर सगळे ओणवे होऊन बुटांच्या नाड्या सोडत होते. नोराबाई कुणाच्या तरी खांद्याला धरून, एका पायावर तोल सावरत मोजा ओढत होत्या. "थांबा हं, आम्हाला आत येऊ द्या!" त्या ओरडल्या.

बुवांना हसू फुटलं. "रेवती, सांग त्यांना, सावकाश या. अजून पूर्वरंगच चाललाय."