गॅसला वास देणारा

गॅसला मुळात वास नसतो. गळती झाली तर लगेच कळावी म्हणून त्यात उग्र वास मिसळतात. तेलशुद्धीकरण कारखान्यात हेच काम तो कित्येक वर्षं करत होता.

शेजारीपाजारी विजेच्या शेगड्या आल्या, तशी बायकोने भुणभुण लावली. "अहो, आपणही घेऊ या ना. मला त्या गॅसची धास्ती वाटते."

"ज्याच्या जिवावर चार घास खातो, त्यालाच घराबाहेर काढू? आणि गळला तर वास येईलच की. नवऱ्याच्या कामावर एवढाही भरवसा नाही होय?" त्याने विषय हसण्यावारी नेला.

आज तो ड्यूटीवरून थेट इस्पितळात धावला. बायकोचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते, भुवया जळून गेल्या होत्या. शेगडी घेऊन दिली असती तर, या विचाराने त्याला तिच्याकडे बघवेना.

"अगं, घरभर वास सुटला असणार. तुला आला कसा नाही?"



"आला की," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच आलात. म्हणून तर चहा ठेवायला उठले."