शिशाचा पाइप

तीनदा दिवस गेले आणि तीनदा पोट रिकामं झालं, तेव्हा नवऱ्याने दुसरं लग्न केलं. जाताना हे घर तेवढं तिच्या नावावर करून दिलं. तिकडे नव्या घरात त्याला मुलगा झाला आणि दोष कुणात होता, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिनेसुद्धा. ती त्याच घरात एकटीने म्हातारी झाली.

आज गल्लीतले जुने पाइप बदलायला प्लंबर आला. त्याने ओट्याखालची भिंत फोडून एक करडा, जड पाइप ओढून काढला.

"मावशी, हा शिशाचा. शिसं पाण्यात उतरतं. लहान मुलांना वाईटच, पण पोटुशी बाईचा कधीकधी गर्भसुद्धा टिकत नाही म्हणतात."

"कधीपासून आहे हा इथे?"

"घर बांधलं तेव्हापासूनच असणार."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"तुमचं काम झालं," अवजारं आवरत प्लंबर म्हणाला. "समोरच्यांकडेही असाच शिशाचा पाइप, पण त्यांनी दारातूनच परत पाठवलं मला. सून गरोदर आहे, घरात धूळ नको म्हणे."

समोरच्या घरात तिला कधीच कुणी बोलावत नसे. वांझेची सावली नको, म्हणून.

ती उठली, रस्ता ओलांडला आणि दार वाजवलं.



"मला आत घेऊ नका," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "पण सुनेला तुमच्या नळाचं पाणी देऊ नका."